पाठीवरची पाटी

"फ्रिज कोणता?" काउंटरमागच्या मुलाने विचारलं.

"लाल. एका दाराचा," मी सांगितलं.

"काकू, लाल हा रंग झाला. फ्रिज कोणता?"

"दारावर पांढरी फुलं आहेत. पंधरा वर्षं झाली घेऊन."

त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. पोळ्याच्या आधी बाजारात बैलांचे साज टांगलेले असतात, तशा खिळ्याखिळ्यांवर फ्रिजच्या दारांच्या रबरी चौकटी लटकत होत्या. करड्या, पांढऱ्या, काळ्या, एकीवर एक. "यातलं तुमचं कुठलं, ते फुलांवरून कसं सांगू? फ्रिजच्या पाठीवर पाटी असते. नसली तर आत बघा, भाजीच्या डब्याशेजारच्या भिंतीवर. तिचा फोटो घेऊन या. उतरवून आणू नका, फोटोच. लोक शून्याचा ओ करतात आणि माझं रबर परत येतं."

मी बत्तीस वर्षं दहावीला मराठी शिकवलं. रसग्रहणाच्या प्रश्नात 'कविता अतिशय सुंदर आहे' एवढं लिहून मोकळ्या होणाऱ्या मुलांच्या वहीत मी लाल शाईने 'कशावरून?' असं लिहीत असे. त्या दुपारी तो शेरा माझ्याच वहीत पडला. पंधरा वर्षं रोज वीस वेळा ज्याचं दार उघडलं, त्याच्याबद्दल मला रंग आणि फुलं एवढंच सांगता आलं.

घरी येऊन प्लग काढला आणि फ्रिज कोनाड्यातून पुढे ओढला. मागे काळी जाळी, जाळीवर धुळीची गोधडी, कढीपत्त्याचं एक वाळकं पान आणि कुणाच्या तरी लग्नाची, न जाताच राहिलेली पत्रिका. खाली कॉम्प्रेसरच्या वरच्या अंगाला पोस्टकार्डाएवढी चंदेरी पाटी चिकटवलेली. ओल्या फडक्याने ती अलगद पुसली, कारण घासली असती तर धुळीबरोबर शाईही गेली असती. बॅटरीच्या उजेडात ओळी दिसू लागल्या आणि सवयीने मी त्या वाचायलाच बसले.

फ्रिजला पुढेही मजकूर असतो. कंपनीचं नाव असतं, मॉडेलचं गोंडस नाव असतं, वीजबचतीचे तारे असतात. ताऱ्यांची ही योजना आपल्याकडे २००६ साली सुरू झाली आणि २०१० पासून बर्फ न साठणाऱ्या फ्रिजना ती सक्तीची झाली. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुने पाच तारे म्हणजे आजचे पाच नव्हेत. लेबलावर मुदत छापतात ती याचसाठी. पण हा सगळा मजकूर पुस्तकाच्या वेष्टनावरच्या अभिप्रायासारखा, गिऱ्हाइकाला उद्देशून लिहिलेला. पाठीवरची पाटी म्हणजे आतलं श्रेयपान: मुद्रक, मुद्रणस्थळ, आवृत्ती कितवी. विकत घेताना ते कुणी वाचत नाही. पुस्तकाचं एखादं पान गहाळ झालं आणि नेमकी तीच आवृत्ती शोधायची वेळ आली, की पहिल्यांदा तेच पान उघडावं लागतं.

पहिली ओळ मॉडेलची. अक्षरं आणि आकडे मिळून बाराचा एक सलग शब्द, उच्चारता न येणारा. पण सुट्या पदांत फोडला की बोलू लागतो. बहुतेक कंपन्यांच्या पद्धतीत सुरुवातीची अक्षरं जात सांगतात, म्हणजे एका दाराचा की दोन, बर्फ साठणारा की न साठणारा. मधले आकडे आकारमानाशी नातं ठेवून असतात. पुढची अक्षरं रंगाची आणि नक्षीची. म्हणजे माझी लाल फुलं इथेही होती, फक्त दोन अक्षरांत, आणि रबर शोधायला अगदीच बिनकामाची. महत्त्वाचं निघालं ते शेवटचं अक्षर. ते बदललं की आवृत्ती बदलली. बाहेरून जुळे दिसणारे दोन फ्रिज आतून बिजागरीत किंवा रबराच्या खाचेत वेगळे असू शकतात.

त्याखाली सीरियल नंबर. मॉडेल हे कूळ म्हटलं, तर सीरियल ही जन्मनोंद. बऱ्याच कंपन्या त्यात उत्पादनाचं वर्ष आणि महिना गुंफून ठेवतात. कूळ माहीत असूनही दुकानदार कधीकधी जन्मनोंद विचारतो, कारण त्याच मॉडेलमध्ये अधल्यामधल्या महिन्यापासून एखादा भाग बदललेला असतो.

तिसऱ्या ओळीत लिटर. तेही दोनदा: ग्रॉस एक आकडा, स्टोरेज त्याहून लहान. पुण्यामुंबईत फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बिल्टअप आणि कार्पेट, दुसरं काय! पहिला आकडा रिकाम्या पोकळीचा, दुसरा खरोखर पातेली ठेवता येतील अशा जागेचा. न्यू जर्सीतला माझा भाचा फोनवर "आमचा वीस क्युबिक फुटांचा" म्हणतो, तेव्हा मी मनातल्या मनात अठ्ठावीसने गुणते आणि काही सुटे लिटर वर टाकते. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणजे त्याचा फ्रिज साधारण ५६६ लिटरचा. तो इकडे आणून लावता मात्र येणार नाही. त्याच्या पाटीवर ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ लिहिलेलं असणार, माझ्या पाटीवर २२० ते २४० आणि ५०.

इथवर पाटी माहिती देत होती. पाचव्या ओळीत ती एका अक्षरावर आली आणि मी थांबले. 'क्लायमेट क्लास : टी'. इंग्रजी टी. ट्रॉपिकलचा टी.

फ्रिज कोणत्या हवेत नीट चालावा म्हणून घडवला आहे, त्याचे आंतरराष्ट्रीय मानकात चार वर्ग आहेत. नॉर्मल वर्गाचा फ्रिज भोवतालचं तापमान ३२ अंशांपर्यंत असेल असं गृहीत धरतो. उपोष्ण वर्ग ३८ पर्यंत जातो. टी वर्ग ४३ पर्यंत. म्हणजे या अक्षरात एक वचन आहे: स्वयंपाकघर ४३ अंशांपर्यंत तापलं तरी दूध नासू देणार नाही. कवितेत एखादा शब्द जसा बाहेरचं सगळं ऊन आत घेतो, तसं या अक्षरात मला माझं माहेर दिसलं. माहेर अकोल्याचं. मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर ४३ ची रेघ सहज ओलांडतात. तिथे दुपारी तीन वाजता फ्रिज आपल्या वचनापलीकडे काम करत असतो. कॉम्प्रेसर थांबत नाही म्हणून आई कुरकुरायची. त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते तेव्हा आम्ही वाचलं असतं, तर जाळी भिंतीपासून वीतभर पुढे घेतली असती. मागच्या जाळीतून उष्णता बाहेर पडते. भिंतीला टेकवलेला फ्रिज म्हणजे मे महिन्यात कांबळं पांघरून झोपलेला माणूस.

सहावी ओळ वायूची. 'आर-१३४ए, ९५ ग्रॅम'. जुन्या शिलालेखावर साल नसलं तर अभ्यासक अक्षरवटिका बघतात, अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवतात. फ्रिजच्या पाटीवर ते काम वायूची ओळ करते. तिथे आर-१२ दिसलं तर फ्रिज बहुधा गेल्या शतकातला. थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास अमेरिकेत तो वायू पुढे आणला. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू खेळत, त्यामुळे न जळणारा, विषारी नसलेला हा वायू वरदान ठरला. पुढे तोच ओझोनच्या थराला भोकं पाडतो हे कळलं. १९८७ मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०१० पर्यंत तो वायू इथून हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

पडताळ्यासाठी मी शेजारणीच्या नव्या फ्रिजची पाटी वाचून आले. तिथे आर-६००ए, ग्रॅम माझ्याहून निम्म्यापेक्षा कमी, आणि शेजारी पिवळ्या त्रिकोणात ज्वाळा. आर-६००ए म्हणजे आयसोब्यूटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद. एकेकाळी 'न जळणारा' म्हणून ज्याची आरती झाली त्या वायूपासून निघून आपण शेवटी जळणाऱ्यापाशी परत आलो, फक्त इतका थोडा भरला की धोका आटोक्यात राहावा. म्हणून ग्रॅमचा तो आकडा शोभेचा नाही. गॅस भरणारा माणूस आला तर आधी त्याच्याजवळ वजनकाटा आहे का ते बघावं. फ्रिजमध्ये वायू केसासारख्या बारीक नळीतून जातो. तिथे अंदाजपंचे भरलेले दहा ग्रॅमसुद्धा भारी पडतात. आणि त्रिकोणात ज्वाळा असेल, तर त्या नळीजवळ कुणालाही बेधडक झाळकामाचा टॉर्च पेटवू देऊ नये.

पाटी संपली. आणि मला हवं होतं तेच तिच्यात नव्हतं. रबराचं माप कुठेच दिलेलं नव्हतं.

फोटो दाखवल्यावर दुकानदाराने वही चाळली, मान हलवली. "कंपनीचं आता येत नाही. बनवून घ्यावं लागेल. माप आणा." मी शिवणकामाचा टेप घेतला, दाराचं जुनं रबर कडेपासून कडेपर्यंत मोजलं: १०३० मिलिमीटर बाय ५१४. आठवड्याने नवं आलं. लावून बघते तर चारही कोपऱ्यांत ओघळलेलं, आजीच्या सैल पाटल्यांसारखं.

"कुठून मोजलं?" त्याने विचारलं.

"कडेपासून कडेपर्यंत."

"काकू, रबर मोजायचं नसतं. खाच मोजायची."

रबर ओढलं की ताणतं, वर्षानुवर्षांत आकसतं, कोपऱ्यात दुमडतं. त्याच्या मापावर विश्वास ठेवता येत नाही. दाराच्या आतल्या अंगाला जी चौकोनी खाच असते आणि जिच्यात रबराची बाणासारखी जीभ दाबून बसवतात, ती मात्र कायम असते. तिच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंत मोजायचं. पोलादी टेपने. वर, मध्ये आणि खाली, तीनदा. मग दोन्ही कर्ण, म्हणजे चौकट काटकोनात आहे की दार लटकलंय ते कळतं. आणि शेवटी जुन्या रबराचा दोन बोटं लांबीचा तुकडा कापून सोबत न्यायचा, कारण लांबीरुंदीइतकाच त्याचा छेद महत्त्वाचा असतो: जीभ कशी आहे, पोकळ नळ्या किती, चुंबकाची पट्टी कुठे. मी परत मोजलं. १००८ बाय ४९२. दोन्ही मापांत २२ मिलिमीटरचा फरक. बाहेरची मऊ झालर दोन्ही बाजूंनी अकरा अकरा मिलिमीटर बाहेर आलेली, तीच मी फ्रिजचं माप समजले होते.

रसग्रहणात शिल्पाचा विचार करतात तो हाच. दिसतं ते झालर असते, बांधणी खाचेत असते.

नवं रबर दुकानामागच्या खोलीत माझ्यासमोर झालं. लांब पट्टीचे चार तुकडे ४५ अंशांत तिरपे कापले, प्रत्येकात चुंबकाची लवचीक फीत सरकवली आणि दोन दोन टोकं तापलेल्या पत्र्यावर क्षणभर धरून एकमेकांना चिकटवली. ती फीत म्हणजे प्लॅस्टिकमध्ये मळलेली चुंबकीय भुकटी. दार आपसूक ओढून घेणारी ही फीत मुळात सोयीसाठी रुळली नाही. पूर्वी फ्रिजच्या दाराला बाहेरून खटका असे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपलेली मुलं आत अडकून गुदमरायची. म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये कायदा झाला आणि ३० ऑक्टोबर १९५८ नंतरच्या प्रत्येक घरगुती फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे असं ठरलं. खटके गेले, चुंबक आले. योगायोग असा की त्याच १९५८ साली गोदरेजने भारतात बनवलेला पहिला फ्रिज आणला. आपल्याकडे दाराला कुलूप मात्र राहिलं. साय आणि आंबे यांच्यावर आपला फार विश्वास नसावा.

दुकानात बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट कानावर पडत होती, आणि ती भाषेची होती. पाटीवर एकही क्रियापद नाही. विशेषणही नाही. फक्त नामं आणि संख्या. दाराच्या दर्शनी भागावर विशेषणांची रेलचेल असते, पाठीवर एकही नसतं. क्रियापदं येतात ती मेकॅनिकच्या तोंडून. कॉम्प्रेसर 'बसतो'. थर्मोस्टॅट 'जातो'. रिले 'टकटक करतो'. फ्रिज 'कूलिंग पकडत नाही'. 'बसला' आणि 'गेला' यांत खर्चाचा केवढा फरक आहे, ते त्या बाकावरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक होतं. थर्मोस्टॅट गेला म्हणजे काही शेकड्यांचं काम. कॉम्प्रेसर बसला म्हणजे घरी जाऊन विचार करावा असं.

म्हणून दुकानदार क्रियापदावर लगेच विश्वास ठेवत नाही. माझ्यापुढचा माणूस "कॉम्प्रेसर बसलाय" म्हणून आला होता. सोबत काढून आणलेला काळा डबीएवढा रिले दुकानदाराने कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. "हा फुटलाय. आधी हा बदलू." मग त्याने कॉम्प्रेसरच्या तीन पिनांचे मीटरवर घेतलेले आकडे विचारले. त्या माणसाने कागद काढला: १२, १८, ३० ओहम. "बारा आणि अठरा तीस. जुळतंय. वाइंडिंग ठीक आहे." दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्या आकड्याएवढी आली पाहिजे, एवढाच तो नियम. वृत्तातल्या मात्रा मोजून ओळ शुद्ध आहे का ते आम्ही बघतो, अगदी तसंच. मला मनापासून दाद द्यावीशी वाटली. ती मी दिलीही. त्याने बुचकळ्यात पडून माझ्याकडे पाहिलं.

सुटे भाग शोधताना पाटीच्या पोटात आणखी पाट्या सापडतात. कॉम्प्रेसरच्या कवचावर त्याची वेगळी चिठ्ठी असते, थर्मोस्टॅटच्या पाठीवर कोरलेला क्रमांक असतो. तिथेही बाह्यरूप फसवतं. दोन थर्मोस्टॅट सारखेच दिसतात, पण एकाची संवेदक नळी आखूड असते, किंवा तो वेगळ्या तापमानाला बंद होतो. बटणावरचे एक ते सात हे आकडे अंश नव्हेत, फक्त कमी-जास्तीची खूण. तेव्हा भाग मागताना दोन नावं न्यावीत: फ्रिजचं आणि भागाचं. जुना भाग पिशवीत असला तर तिसरी साक्ष. तरीही 'कंपनीचं' की 'लोकल' हा प्रश्न उरतो. थर्मोस्टॅटसारख्या विजेच्या भागात मी दोन पैसे जास्त देऊन कंपनीचं घेईन. रबरात, माप अचूक असेल तर, लोकलने माझं काहीच बिघडवलं नाही.

युरोपात मार्च २०२१ पासून नियम आहे की मॉडेल बाजारातून गेल्यावरही थर्मोस्टॅट, बिजागऱ्या, कप्पे सात वर्षं आणि दाराचं रबर दहा वर्षं मिळालं पाहिजे. सगळ्या भागांत रबरालाच जास्त मुदत दिली, हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात कधीतरी फ्रिजचं दार गळताना पाहिलं असणार. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काची समिती नेमली, त्यासाठीचं पोर्टलही काढलं. पण आमच्या पेठेत तो हक्क अजून त्या खिळ्यांच्या भिंतीवर टांगलेला असतो, आणि तो काढून घ्यायला पाटी वाचता यावी लागते.

नवं रबर घरी आणलं तेव्हा गुंडाळीमुळे त्याला घड्या पडल्या होत्या. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवलं, सरळ झालं. खाच साबणाच्या पाण्याने धुतली, जीभ कोपऱ्यापासून दाबत दाबत बसवली. मग दहा रुपयांची नोट दारात अडकवून ओढली. जुन्या रबरात ती लोण्यातून केस निघावा तशी येत होती. आता ती अडली. वर, खाली, बिजागरीकडे, चारही बाजूंना नोट धरून पाहिली. त्या रात्री कॉम्प्रेसर मध्येच थांबला, आणि स्वयंपाकघरात किती शांतता असते ते आम्हाला पंधरवड्याने कळलं.

सवयीने मी त्या पाटीला गुण द्यायला बसले. आशय भरघोस, एक शब्द वायफळ नाही, एका अक्षरात अख्खा उन्हाळा. पण एक गुण कापावा लागला. जो वाचक अडचणीत असताना आपल्याकडे येणार आहे, त्याला लागणारी एक ओळ लेखकाने गाळली होती. उत्तरपत्रिकेत गाळलेलं मी कधी भरून दिलं नाही. इथे दिलं. फ्रिज भिंतीकडे ढकलण्याआधी पक्क्या शाईचं पेन घेतलं आणि पाटीच्या खाली, चंदेरी कडेला लागून, पुढच्या माणसाला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं: 'दाराचं रबर. खाच ते खाच १००८ × ४९२. कडेपासून मोजू नये.'